सह्याद्रीतील सर्पशोध : काठीपासून विजेरीपर्यंत

आषाढातल्या रात्री आंबोलीच्या घाटमाथ्यावर विजेरी घेऊन साप धुंडाळणाऱ्या तरुणांच्या टोळ्या आता तेथील टपरीवाल्यांनाही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. परंतु सापासाठी डोंगर चढावा आणि तो दिसल्यावर त्यास जागच्या जागी ठेवून परतावे, हा रिवाज आपल्याकडे पडण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकात या मुलखात जो सर्वांत मोठा सर्पशोध झाला, तो सरकारी हुकमाने आणि केवळ संहारासाठी झाला. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाच्या दंशाने माणसे दगावत, म्हणून मारलेल्या प्रत्येक फुरशामागे सरकारने इनाम ठरविले आणि इनामाच्या आशेने रयतेने कातळसड्यांवरचे दगड असे काही उलथले, की मेलेल्या सापांचे आकडे दफ्तरी लाखांनी नोंदले गेले. कोणत्या ऋतूत, कोणत्या उताराच्या दगडाखाली फुरसे हटकून मिळते, हे या माणसांइतके सूक्ष्मतेने त्या काळी दुसऱ्या कोणास अवगत असेल, असे मला वाटत नाही. मात्र कचेरीला हवी होती ती मोजदाद, आणि ज्ञान ज्याचे त्याच्यापाशी राहिले. फुरसे अर्थात त्या सड्यांवर आजही आहेच.

१८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि सापाला कचेरीऐवजी काचेची बरणी लाभली. हर्बर्ट फिप्सन हा सोसायटीचा उत्साही चिटणीस व्यवसायाने मद्याचा व्यापारी. घाटातल्या एका खापरखवल्याला, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या सापाला, १८८८ मध्ये त्याचेच नाव देण्यात आले. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने सोसायटीच्या नियतकालिकात सापांवर वर्षानुवर्षे लेखमाला चालविली, आणि १९४३ मध्ये माल्कम स्मिथचा सर्पविषयक ग्रंथ निघाल्यावर शोधण्याजोगे फारसे उरले नाही, असा समज सुशिक्षितांत दृढ झाला. हाफकिन संस्थेला साप हवा होता तो विषासाठी, प्रतिविष निर्माण करण्याकरिता, आणि तोही जिवंत; तेथील डॉ. देवरस यांचे सापांवरील पुस्तक १९६५ मध्ये आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा राजरोस व्यापार हळूहळू आटला. १९८० मध्ये पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या महाराष्ट्राची भीती थोडी सैल झाली. त्याचबरोबर, हेही नमूद केले पाहिजे, साप हाताळून दाखविण्याची एक हौसही बोकाळली, आणि तिने पुढे अनेक धाडसी तरुणांचे प्राण घेतले.

आंबोलीच्या वाऱ्या मी सुरू केल्या तेव्हा ही हौस ऐन भरात होती. तेथे वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्या पावसात साप शोधणे म्हणजे बहुतांशी न हलणाऱ्या वस्तूकडे पाहण्याचा अभ्यास होय. मलबारी चापडा कधी हिरवा, कधी पिवळा, कधी तपकिरी असतो, आणि बेडकाची वाट पाहत एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो; त्यामुळे काल पाहिलेल्या जागी आज पुन्हा जाणे हीच सर्वांत खात्रीची युक्ती, आणि ती मला गावातल्या गुराख्यांनी शिकविली. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांपुरतेच बनविलेले असल्याने चापड्याच्या दंशावर त्याचा उपाय चालत नाही, ही गोष्ट मात्र हौशी पाहुण्यांना वरचेवर सांगावी लागते. चांगल्या छायाचित्रासाठी हरणटोळाला एका फांदीवरून उचलून दुसऱ्या, अधिक देखण्या फांदीवर बसविणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. जुन्या बरणीवाल्यांपेक्षा ते फारसे सुधारलेले आहेत, असे मी मानीत नाही. बरणीतल्या सापाचा निदान पुढच्या अभ्यासकाला उपयोग तरी होत असे.

शोधण्याजोगे उरले नाही, हा समज अलीकडच्या काळाने पार धुळीस मिळविला. २०१७ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहणारा एक साप, ज्यास तोवर ऑलिव्ह रंगाच्या जुन्या जातीतच गणले जाई, ‘ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस’ म्हणून स्वतंत्र ठरला. २०२० मध्ये येथील हरणटोळाचीही दक्षिणेकडच्या भाऊबंदांपासून फारकत झाली. यांपैकी मला विशेष वाटते ते २०१९ मध्ये कोयनेच्या परिसरातून वर्णिलेल्या ‘बॉयगा ठाकरेयी’ या मांजऱ्या सापाचे. कारण घाटातल्या मांजऱ्या सापांपैकी कोणी बेडकांची अंडी खातो, हे त्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते, आणि असली गोष्ट बरणीत सापडत नाही, रात्री ओढ्याकाठी तिष्ठत बसल्यावरच दिसते. तरीही नव्या जातीवर शिक्कामोर्तब होण्यासाठी संग्रहालयात एखादा नमुना ठेवणे आजही प्राप्तच आहे.

खापरखवल्यांचा प्रश्न मात्र बिकट आहे. जमिनीखाली गांडुळांवर जगणारा हा साप पावसात वर येतो. त्याचा महाबळेश्वरी प्रकार १९५५ मध्येच नोंदला गेला, परंतु त्याच्या भूमिगत जीवनाविषयी आपली माहिती अद्याप तुटपुंजी आहे. श्रावणातल्या पहाटे त्याचा शोध घेणाऱ्याने रान तुडविण्याऐवजी पर्यटकांच्या मोटारींनी रात्रभर वाहता ठेवलेला डांबरी रस्ता पाहत जावे. बहुतेक नमुने तेथेच मिळतात, आणि ते चिरडलेले असतात.