जुळणारा दाता आपल्यातच हवा

मराठवाड्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी जवळचे नाते सांगते. त्या काळात देशभर माणसेही मिसळत होती. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातील समूहांची मोठी सरमिसळ झाली. पुढे जातीतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली.

त्या रीतीचा परिणाम आज रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमिया झालेल्या रुग्णाला जाणवतो. मूलपेशी प्रत्यारोपणासाठी रुग्ण आणि दात्याची ‘एचएलए’ जनुके जुळावी लागतात. पेशी आपली की परकी, हे शरीर या जनुकांनी घडवलेल्या प्रथिनांवरून ओळखते. जुळणी चुकली, तर दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यांवर हल्ला चढवतात.

ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून, बहुधा अखंड येतो. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते जुळले नाही, तर अनोळखी दाता शोधावा लागतो. या जनुकांचे ३० हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. कोणते संच जास्त आढळतात, हे समूहागणिक बदलते आणि जातीतल्या लग्नांमुळे काही संच त्या त्या समूहातच राहिले आहेत.

पण म्हणून जाती मुळातच वेगळ्या ठरत नाहीत. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका समूहाच्या आतच असते, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच मांडले. जातभाई जुळेलच असे नाही आणि परका जुळू शकतो. निर्णय तपासणीच करते, आडनाव नव्हे.

मात्र दात्यांची नोंदणीच कमी असेल, तर शोध अडतो. अमेरिकेतील नोंदणीवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, तर दक्षिण आशियाई रुग्णाला ३३ टक्के आढळली. जगभर ४ कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत. भारतातील नोंदणी अजून काही लाखांतच आहे.

नोंदणीसाठी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. पुढे जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून यंत्राद्वारे मूलपेशी वेगळ्या केल्या जातात. मराठवाड्यातील प्रत्येक समाजातील तरुणांनी नोंदणी करावी, आणि बोलावणे आले तर मागे हटू नये. कोणाचा तरी जीव त्या होकारावर अवलंबून असतो.