जुन्या सुवर्ण-घड्याळाची पारख

आमचा व्यवसाय धान्याचा. गहू, जोंधळा, तूर ह्यांचा नमुना तळहातावर घेऊन मोल सांगण्यात आमची चाळीस वर्षे गेली. अशा माणसाने सोन्याच्या मनगटी घड्याळाविषयी लिहावे, ह्याचे व्यापारी बंधूंस नवल वाटेल. परंतु गतवर्षी आमच्या एका दिवंगत स्नेह्याच्या पत्नी पेढीवर आल्या आणि रुमालात बांधलेले घड्याळ पुढे ठेवून म्हणाल्या, "भावजी, एवढे विकून द्या. नातीच्या शिक्षणास रक्कम हवी आहे." एका दुकानात ते काट्यावर ठेवून, यंत्राचे वजन वजा करून, केवळ सोन्याचा भाव सांगण्यात आला होता. म्हणून त्याची कुळकथा शोधणे आम्हांस भाग पडले.

घड्याळ रोलेक्स कंपनीचे, 'डे-डेट' नावाचे, १८०३ ह्या क्रमांकाचे. बव्हेरियात जन्मलेल्या हान्स विल्सडॉर्फ ह्यांनी १९०५ साली लंडनमध्ये पेढी काढली व पहिल्या महायुद्धानंतर ती जिनिव्हास नेली. ह्या पेढीने १९२६ मध्ये पाणी व धूळ रोखणारे 'ऑयस्टर' कवच, १९३१ मध्ये मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी रचना आणि १९४५ मध्ये आपोआप तारीख बदलणारे 'डेटजस्ट' सिद्ध केले. ह्या तिन्हींवर कळस चढला तो १९५६ च्या 'डे-डेट'ने. तीनच्या जागी तारीख, आणि बाराच्या जागी कमानदार खिडकीत वाराचे संपूर्ण नाव! अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे घड्याळ वापरीत. 'प्रेसिडेंट' हे मुळात त्याच्या पट्ट्याचे नाव. पुढे लोक घड्याळासच तसे म्हणू लागले.

व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावे असे ह्यात पुष्कळ आहे. कंपनी हे घड्याळ केवळ सोन्यात वा प्लॅटिनममध्ये विकते. मुलामा दिलेले पोलादी 'डे-डेट' दिसले की हात मागे घ्यावा. सोने १८ कॅरटचे, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध. पट्टा काढल्यास बाराच्या बाजूस नमुन्याचा क्रमांक व सहाच्या बाजूस अनुक्रमांक कोरलेला आढळतो. १८०३ ची काच प्लॅस्टिकची, आणि तारीख बदलण्यास काटे फिरवीत बसावे लागते. तारीख थेट बदलण्याची सोय १९७७ मध्ये आली, वाराची १९८८ मध्ये. जुन्या क्रमांकाच्या घड्याळात ती सोय आढळली, तर आतील यंत्र बदललेले आहे असे समजावे.

जाणत्या कारागिराने आमचे घड्याळ उघडले. यंत्र अस्सल निघाले. परंतु तबकडी पुन्हा रंगविलेली आणि कवचाच्या कडा घासून बोथट झालेल्या. संग्राहक मूळ तबकडीस फार मान देतात. एका दलालाने सुचविले, "तबकडीचे बोलूच नका, गिऱ्हाइकास कळणार नाही."

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, म्हणजे 'तदाहृतादान', आणि एकाच्या नावावर दुसरे खपविणे, म्हणजे 'प्रतिरूपक व्यवहार', हे दोन्ही सांगितले आहेत. जुन्या घड्याळांच्या बाजारात हे दोन्ही उंबरठ्यावरच उभे असतात. पहिल्याचे निवारण सोपे झाले. स्नेह्यांनी ते १९९२ साली मुंबईत जुनेच घेतले होते व त्याची पावती वहिनींच्या पेटीत सापडली. दुसऱ्यापाशी मात्र वहिनी अडखळल्या. "भावजी, तेवढे लिहायलाच हवे का?" आम्ही म्हणालो, "वहिनी, खडे ठाऊक असता पोते शिवले, तर वजन बरोबर भरूनही माप खोटेच." त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लिहा. त्यांनीही लिहिलेच असते."

बिलावर दोष लिहून दिला. सोन्याच्या भावाहून पुष्कळ अधिक, परंतु अपेक्षेहून बरीच कमी रक्कम आली. नातीच्या पहिल्या दोन वर्षांची सोय झाली. तिसऱ्याची चिंता उरली आहे, आणि ती आम्हां स्नेह्यांची आहे.

व्यापारी बंधूंस विनंती इतकीच की, घरात असे घड्याळ असल्यास त्याची पावती व दुरुस्तीचे कागद त्याच्याजवळच ठेवावेत, आणि ते काट्यावर घालण्यापूर्वी जाणत्याकडून उघडून पाहावे. सोन्याचे वजन काटा सांगतो. घड्याळाचे खरेखोटे मात्र विकणाऱ्यालाच सांगावे लागते.