कारचे इंजिन ट्रान्सपोर्टने पाठवताय? आधी हे वाचा

छोट्या कारचे इंजिनही साधारण १०० किलोच्या घरात जाते. कुरिअरने ते महाग पडते. ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून ‘पार्ट लोड’ने, गोदाम ते गोदाम पाठवल्यास खर्च बराच वाचतो.

पॅकिंग कसे कराल?
ऑइल आणि कूलंट पूर्ण काढा. उघडी तोंडे बुचाने किंवा टेपने बंद करा. इंजिनचा भार ऑइल सम्पवर येऊ देऊ नका, तो चेपू शकतो. माउंटिंगच्या जागी आधार देऊन इंजिन लाकडी पॅलेटवर बोल्टने बसवा आणि पट्ट्यांनी आवळा.

नुकसान झाले तर?
रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडे १,५०० रुपये असेल, तर भरपाई जास्तीत जास्त १५ हजार, मग इंजिन ६० हजारांचे का असेना! म्हणूनच जादा जोखमीचा दर लेखी ठरवा किंवा ट्रान्झिट विमा घ्या.

कागदपत्रे कोणती?
खरेदीचे बिल सोबत द्या. बिल्टीवर किंमत आणि इंजिन क्रमांक लिहून घ्या. परराज्यात ५० हजारांहून अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. पाठवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढायला विसरू नका.