आमच्या वर्गात अकरा पाटील



आमच्या चौथीच्या वर्गात ३१ मुलंमुली आहेत. त्यात ११ पाटील, ६ चौधरी आणि ४ महाजन आहेत. उरलेल्यांत सोनवणे, पवार, कोळी, बडगुजर आणि एक तडवी. गुरुजी नुसतं "पाटील" म्हणाले की अकरा जण एकदम उभे राहतात आणि चौधरी हसतात.

हा लेख मी का लिहिला ते आधी सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत डोळे तपासायचं शिबिर झालं. मला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मला चष्मा लागेल असं सांगितलं. आमच्या वर्गात माझ्याच नावाची आणखी एक मुलगी आहे. तीही पाटील. तिच्या आणि माझ्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा एकच. चष्मे आले तेव्हा डबीवर तेवढंच लिहिलेलं होतं आणि डबी गेली तिच्या घरी. तिचे डोळे चांगले आहेत, पण तिला वाटलं आपलं पण काहीतरी निघालं असेल. आठ दिवस तिने माझा चष्मा घातला. तिचं डोकं दुखायचं. तिची आजी म्हणे, मोबाईल पाहून पाहून दुखतं. इकडे मी चाचणीत फळ्यावरच्या ६ ला ९ वाचलं आणि माझे चार गुण गेले. नवव्या दिवशी माझी आई शाळेत आली तेव्हा सगळं उघडकीस आलं.

मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आम्ही सगळे पाटील एकमेकांचे नातेवाईक आहोत का?" ते म्हणाले, "नाही. पाटील हे आधी कामाचं नाव होतं, मग आडनाव झालं."

पूर्वी गावाचा सारा वसूल करणं, भांडणं मिटवणं, गावात शांतता ठेवणं हे पाटलाचं काम होतं. लिहिणं कुलकर्ण्याकडे. जुन्या ताम्रपटांत पट्टकिल असा शब्द सापडतो, त्याचाच पाटील झाला. पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची आणि तिच्याबरोबर वतनाची जमीन असायची. आता प्रत्येक गावाला पाटील असणारच, म्हणून गावोगाव पाटील झाले. कोणी एका जातीचे, कोणी दुसऱ्या. १९६२ साली कायदा झाला आणि वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी बंद झाली. काम गेलं, आडनाव राहिलं. पोलीस पाटील मात्र अजून आहेत, पण त्यांना सरकार नेमतं. आमच्या गावच्या पोलीस पाटलांचं आडनाव पाटील नाहीच! हे मला फार गमतीचं वाटलं.

चौधरी आणि महाजन हेसुद्धा तसेच. बाजाराचा किंवा धंद्याचा पुढारी तो चौधरी, आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांचा पुढारी तो महाजन. म्हणून चौधरी सगळ्या देशात आहेत. गाण्यांना चाली लावणारे सलील चौधरी बंगालचे होते. राजस्थानात बिकानेरकडे तर महाजन नावाचं गावच आहे, तिथे आपल्या सैन्याचं सरावाचं मोठं मैदान आहे. इंग्लंडमध्ये स्मिथ नावाचे खूप लोक आहेत, स्मिथ म्हणजे लोहार.

आता आपल्या खान्देशातले पाटील पाहू. सगळ्यात मोठं नाव प्रतिभाताई पाटील यांचं. त्यांचा जन्म १९३४ साली नाडगावचा, बोदवडजवळ. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या टेबल टेनिस खेळायच्या आणि जिंकायच्या. १९६२ साली त्या जळगावहून आमदार झाल्या, तेव्हा त्या फक्त २७ वर्षांच्या होत्या. २५ जुलै २००७ रोजी त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. मला वाटायचं पाटील हे त्यांच्या सासरचं आडनाव असेल. तर तसं नाही. त्यांच्या यजमानांचं आडनाव शेखावत. पाटील हे माहेरचं, तेच त्यांनी ठेवलं.

दुसऱ्या स्मिता पाटील. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे. स्मिताताईंनी दूरदर्शनवर बातम्या वाचल्या, 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' या सिनेमांत काम केलं. १९८६ साली त्या गेल्या तेव्हा फक्त ३१ वर्षांच्या होत्या. तिसरे उत्तमराव पाटील, स्वातंत्र्यसैनिक. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ इंग्रज सरकारचा खजिना लुटला, त्या कामात ते होते, आणि साताऱ्याकडून जी. डी. बापू लाडही आले होते. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरकडचे, त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. हे सगळे पाटील, पण एकाच घरातले नाहीत.

चौधरींमध्ये खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. ते भरवण्यात धनाजी नाना पुढे होते. फैजपूरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी आमच्या आजीला येतात. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. पण बहिणाबाई जन्माच्या चौधरी नव्हत्या! १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. म्हणजे आमच्या वर्गातले महाजन आणि चौधरी दोघंही त्यांना आमच्या म्हणू शकतात. यावरून मधल्या सुट्टीत भांडण पण झालं. तसंच लोकसभेच्या अध्यक्ष झालेल्या सुमित्राताई महाजन, त्या माहेरच्या साठे, चिपळूणच्या.

घरी येऊन मी आईला विचारलं, "तुझं माहेरचं आडनाव काय होतं गं?" मला ते सांगताच येत नव्हतं. मामाला आपण मामाच म्हणतो ना. आई म्हणाली, "चौधरी." मग हळूच म्हणाली, "दहा वर्षांत तू पहिल्यांदा विचारलंस."

आईचं माहेर थाळनेर, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. आमच्या गल्लीत तिला सगळ्या बाया थाळनेरवाली म्हणतात. शेजारची वहिनी शहादेवाली, तिच्या पलीकडची पारोळेवाली. म्हातारी माणसं मला विचारतात, "तू कोनी पोर शे वं?" मी म्हणते, "थाळनेरवालीनी." लगेच ओळखतात. पाटील सांगितलं तर विचारतात, कोणते पाटील? चक्कीवाले, निंबाखालचे का सुरतवाले?

थाळनेरची आणखी एक गोष्ट गुरुजींनी सांगितली. लता मंगेशकरांचे वडील दीनानाथ गोव्यातल्या मंगेशी गावचे, म्हणून आडनाव मंगेशकर. पण लतादीदींच्या आई आपल्या थाळनेरच्या. वडिलांचं गाव आडनावात आलं, आईचं आलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे लताबाई पण थाळनेरवालीनी पोर!"

आता नियम बदलला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहितात. माझा धाकटा भाऊ त्यानंतरचा आहे, त्याच्या दाखल्यावर आईचं नाव मधे आहे. माझं तसं नाही, कारण मी आधी जन्मले. पण चष्म्याच्या भानगडीनंतर गुरुजींनी हजेरीच्या यादीत आम्हा दोघींच्या नावापुढे कंसात आईचं नाव लिहिलं आहे, आणि माझ्या डबीवर मी स्वतः स्केचपेनने लिहिलं आहे.

या लेखाखाली एक कोरा कागद चिकटवला आहे आणि दोरीला पेन्सिल बांधली आहे. ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या आईचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहावं. पहिल्या ओळीत माझ्या आईचं आहे. दुसरी ओळ माझ्या नावाच्या मैत्रिणीने लिहिली, तिची आई पण चौधरीच निघाली, पण यावलची. पेन्सिल कृपया नेऊ नये.

इयत्ता चौथी