चिमट्याची कुळकथा



ओली कुंडी सरकवली की खालून एक तपकिरी, लांबट किडा पळतो. त्याच्या शेपटीशी बारीकसा चिमटा असतो. इंग्रजीत त्याला इअरविग म्हणतात. तो कानात शिरून मेंदू पोखरतो हा युरोपातला जुना समज; त्यात तथ्य नाही. माझी शाळा लवकर सुटली, पण हत्यारांशी संबंध जन्माचा. म्हणून मला प्रश्न पडला : हा चिमटा आला कोठून?

उत्तर दगडात आहे. दक्षिण कझाकस्तानात कराताऊ नावाचे डोंगर आहेत. तेथे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या, जुरासिक काळातील तळ्याचा गाळ दगड होऊन राहिला आहे. त्यात दबलेल्या या कुळातील किड्यांचे वर्णन रशियन कीटकशास्त्रज्ञ मार्तिनोव यांनी १९२५ साली केले. त्यांपैकी प्रोटोडिप्लॅटिस याला चिमटा नाहीच! त्या जागी मिशांसारखे लांब, पेरापेरांचे दोन तंतू आहेत. झुरळाच्या शेपटीशीही असेच दोन आखूड तंतू असतात. झुरळ, नाकतोडा हे त्याचे दूरचे भाऊबंद. शिवाय त्याच्या पुढच्या पंखांवर शिरा आहेत आणि मादीला अंडी घालण्याची नळी बाहेर दिसते. आजच्या किड्यात या दोन्ही खुणा उरलेल्या नाहीत.

मग दोघांचे कूळ एक कशावरून? त्याच दगडांत मधले नमुनेही सापडले : चिमटा आलेला, पण पंखांवरच्या शिरा अजून शिल्लक. म्हणजे सारे अवयव एकदम बदलले नाहीत. एक आधी, एक मागाहून. दुसरा पुरावा जिवंत आहे. डिप्लॅटिस या जातीच्या पिलांना आजही तसेच लांब तंतू असतात. प्रौढ होताना तळचे पेर तेवढे उरते आणि त्याचाच चिमटा बनतो. नवे हत्यार बाहेरून आले नाही, जुन्याच अवयवातून घडले.

तंतूवाली शाखा पुढे क्रेटेशस काळात नष्ट झाली. चिमटेवाल्यांच्या आज सुमारे २,००० जाती आहेत.

एका वाटाघाटीत मालकपक्षाच्या गृहस्थांनी मला ऐकवले होते, “निसर्गात जे नेमून दिले, तेच चालते.” कराताऊचा दगड सांगतो, कायमचे नेमून दिलेले काही नाही. मात्र किड्याने बदल ठरवून केला नाही. त्याला कोट्यवधी वर्षे लागली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरवला. १९४८ च्या कायद्यात तो नऊ तासांवर आला. तो माणसांनी ठरवून, झगडून आणला. एवढाच आपल्यात आणि किड्यात फरक, आणि तो थोडाथोडका नव्हे.