बी.ए. जिवतीचं, सिनेमा पुण्याचा

पदवीच्या पुढे : भाग ९

मागच्या भागात बी.एड. आणि डी.एल.एड.चा घोळ सोडवला. या वेळी वाट आडवळणाची आहे. सिनेमा शिकायचा आहे, पण हातात आहे तालुक्याच्या कॉलेजातलं बी.ए.

अमेरिकेत ही वाट चांगली रुळलेली आहे. मॉडेस्टो हे कॅलिफोर्नियातलं शेतीवर जगणारं शहर. तिथल्या जॉर्ज ल्यूकसनं गावातल्याच ज्युनिअर कॉलेजात मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र घेतलं. तिथून तो लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या सिनेमा विभागात गेला. 'स्टार वॉर्स' ही नंतरची गोष्ट. तिकडे कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि तिथले क्रेडिट घेऊन तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात शिरायचं, अशी सोय आहे. सिनेमाच्या जागा तिथेही मूठभरच असतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या मुलीला असं अर्ध्यातून उठून पुण्याला जाता येईल का? सरळ उत्तर आहे, नाही. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (एफटीआयआय) दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालवते. ते सगळे पदवीनंतरचे. 2025 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी या अभ्यासक्रमांसाठी पदवी लागतेच. ती मात्र कोणत्याही विषयाची चालते. मराठी वाङ्मयाची, इतिहासाची, गोंडवाना विद्यापीठाची, काहीही. ध्वनीसाठी तेवढं बारावीला भौतिकशास्त्र हवं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो.

इथेच एक खड्डा आहे आणि तो नवा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीतून मधेच बाहेर पडायची मुभा दिली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि क्रेडिट बँकेत जमा. ऐकायला हे अमेरिकेसारखंच वाटतं. मग कोणीतरी सुचवतं की दुसऱ्या वर्षानंतर थांब, नागपूर-पुण्यात खासगी 'फिल्ममेकिंग डिप्लोमा' कर. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. एफटीआयआयच्या दारात ती पदविका पदवी ठरत नाही आणि घरचे पैसे तर गेलेले असतात. कंटाळवाणं का होईना, तिसरं वर्ष पूर्ण करा.

पदवीच्या विषयाची लाजही बाळगू नका. कर्नाटकातला चिदानंद नाईक एमबीबीएस झालेला डॉक्टर. त्यानं एफटीआयआयमध्ये टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, आणि तिथे केलेल्या लघुपटाला 2024 मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. तीन वर्षांच्या जागा प्रत्येक शाखेला जेमतेम दहा-बारा असतात. म्हणून एक वर्षाच्या अभ्यासक्रमाकडे नाक मुरडू नये.

प्रवेशासाठी आधी लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. प्रश्नपत्रिका मराठीत नसते, म्हणजे इंग्रजी किंवा हिंदी पक्की करायला हवी. त्यासाठी एखादा चित्रपट पाहून त्यातला एक प्रसंग दोन पानांत लिहून काढायची सवय उपयोगी पडते. सांगण्यासारखं काय आहे, हा प्रश्न जिवतीकरांना पडू नये. माणिकगडच्या डोंगरावर कोलाम आणि गोंडांचे गुडे, म्हणजे वस्त्या, आहेत, मराठवाड्यातून दुष्काळात आलेली कुटुंबं आहेत. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. तिथे एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं सापडतात, मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही शाळा भरतात. पण मुलाखतीत हे 'आमचा मागास भाग' म्हणून मांडू नका. दोन कार्डं असलेल्या घरात सकाळी कोणत्या दुकानाच्या रांगेत कोण उभं राहतं, ते सांगा.

पुण्यात नंबर लागला नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी आधी मराठीत एम.ए. केलं. मग तेव्हाच्या अहमदनगरमधल्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात कॅमेरा हाताळायला मिळत असेल, तर तो विभाग शोधून काढावा.

आता कागदपत्रं. या भागात मुलं परीक्षेपेक्षा जास्त इथेच अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. एफटीआयआय केंद्राची संस्था, त्यामुळे आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे. गोंड, कोलाम अनुसूचित जमातीत आहेत, तिथे प्रश्न नाही. बंजारा समाजाचं मात्र त्रांगडं आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती (व्हीजे), सीमेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमात आणि केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या यादीत ओबीसी. राज्याचा व्हीजे दाखला कितीही नीट फाइलला लावला तरी इथे उपयोगाचा नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला आणि नॉन क्रीमी लेयर लागतं.

तो मिळवायला राजुऱ्याच्या उपविभागीय कार्यालयात गेलात की विचारतात, जुना पुरावा कुठला? अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त जातींसाठी 1961 आणि ओबीसींसाठी 1967 पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. जिवतीतली बरीच घरं डोंगरावर आली ती त्यानंतर. तेव्हा त्यांचा दाखला मूळ जिल्ह्यातून, नांदेड किंवा लातूरकडून काढावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जुना सातबारा, चुलत्यांपैकी कोणाचा आधीच निघालेला दाखला, यातलं काही ना काही गावाकडे सापडतं. ते गोळा करायला महिने जातात आणि प्रवेशाची जाहिरात आल्यावर हातात उरतात ते आठवडे. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मूळ गावी जाणं झालं, तर आजोबांच्या शाळेत एक चक्कर मारून या. मात्र जायच्या आधी फोन करून ऑफिस कोणत्या दिवशी उघडं असतं ते विचारा. सुट्टीत क्लार्क भेटत नाहीत.