आपला गडी, त्यांचा गडी
खेळ आणि नकाशा : लेखांक सातवा

नायगाव, नरसी, कुंटूर या पट्ट्यात कबड्डीचे किंवा व्हॉलीबॉलचे सामने भरले की पहिला वाद नोंदणीच्या टेबलावरच पेटतो. समोरच्या संघात भाड्याचे प्लेअर आहेत, हा पोरगा आपल्या तालुक्यातला नाही, आधार कार्ड दाखवा. त्यावर कुणी सांगतं, याचं आजोळ इथलंच आहे. कुणी म्हणतं, मागच्या साली हाच त्यांच्याकडून खेळला, तेव्हा तुम्ही गप्प होतात. शेवटी आयोजक वैतागून तोडगा काढतात : बाहेरचा एकच चालेल, दुसऱ्याला बसवा.

हेच भांडण, जवळपास याच तोडग्यासह, युरोपात नव्वद वर्षं चाललंय. तिथे आधार कार्डाच्या जागी पासपोर्ट असतो आणि तालुक्याच्या जागी देश, एवढाच फरक. स्पर्धेचं नाव युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या देशांच्या राष्ट्रीय संघांची बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा. पूर्वी ती दर दोन वर्षांनी व्हायची, २०१७ नंतर दर चार वर्षांनी ठरली. मध्ये कोरोना आला आणि २०२१ ची स्पर्धा २०२२ वर गेली. चोवीस संघ, सहा-सहांचे चार गट, प्रत्येक गटातले चार पुढे आणि तिथून बाद फेरी. २०२५ मध्ये लाटव्हिया, सायप्रस, फिनलंड आणि पोलंड अशा चार देशांनी मिळून ती भरवली. १४ सप्टेंबरला रिगात झालेल्या अंतिम सामन्यात जर्मनीने तुर्कस्तानला ८८-८३ असं हरवलं.

आपल्याकडे बास्केटबॉलचा खांब दिसलाच तर एखाद्या कॉलेजच्या आवारात, जाळी गेलेल्या रिंगसह. तेव्हा या स्पर्धेत आपलं काय, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण या लेखमालेचा विषय खेळ आणि नकाशा आहे, आणि युरोपचा विसाव्या शतकातला नकाशा समजून घ्यायला युरोबास्केटइतकं सोपं पुस्तक मला तरी सापडलेलं नाही. कोणता देश कधी जन्मला, कधी गिळला गेला, कधी फुटला, हे सगळं विजेत्यांच्या यादीत दिसतं.

बास्केटबॉलची जागतिक संघटना, फिबा, १९३२ साली जिनिव्हात आठ देशांनी स्थापन केली. तीन वर्षांनी त्याच शहरात पहिली युरोपीय स्पर्धा झाली, दहा संघांची. विजेता ठरला लाटव्हिया. त्याने स्पेनला २४-१८ असं हरवलं. आजच्या सामन्यात एकेका संघाचे ऐंशी-नव्वद गुण होतात, तिथे चोवीसवर सुवर्णपदक मिळालं, कारण चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवायचा यावर तेव्हा बंधनच नव्हतं. आघाडी मिळाली की चेंडू आपसात फिरवत बसायचं, समोरचा धावून थकेल. तीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, हा नियम १९५६ मध्ये आला आणि पुढे २००० मध्ये त्याचे चोवीस सेकंद झाले.

तेव्हाची रीत अशी की जिंकेल त्याने पुढची स्पर्धा आपल्या घरी भरवायची. म्हणून १९३७ ची स्पर्धा लाटव्हियाच्या राजधानीत, रिगात गेली. तिथे शेजारच्या लिथुएनियाने सगळ्यांना चकित केलं आणि अंतिम सामन्यात इटलीला एका गुणाने, २४-२३ असं हरवलं. गंमत अशी की दोन वर्षांपूर्वी लिथुएनियाला या खेळात कुणी विचारत नव्हतं. फरक पडला तो अमेरिकेतून आलेल्या लिथुएनियन वंशाच्या खेळाडूंमुळे. आईबाप पोटासाठी अमेरिकेत गेलेले, पोरं तिथेच हा खेळ शिकलेली.

त्यातला सगळ्यात मोठा गडी १९३९ मध्ये मैदानात उतरला. फ्रँक लुबिन हा कॅलिफोर्नियात जन्मलेला, उंचीला दोन मीटरच्या आसपास. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला आणि सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघात लुबिन होता. ऑलिंपिकनंतर तो आईवडिलांचा देश बघायला गेला, तिथल्या पोरांना शिकवू लागला आणि पुढे लिथुएनियाकडून खेळायलाच उभा राहिला. नाव झालं प्रानास लुबिनास. तीन वर्षांपूर्वी ज्याने अमेरिकेसाठी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, तो आता युरोपीय अजिंक्यपदासाठी लिथुएनियाच्या बनियनमध्ये!

कौनास शहरात या स्पर्धेसाठी खास बास्केटबॉलचं सभागृह बांधलं होतं. युरोपात तसं ते पहिलंच. मे महिन्यात पहिलाच सामना लाटव्हियाशी पडला. शेवटच्या क्षणांत लिथुएनिया एका गुणाने मागे, चेंडू लुबिनच्या हातात, आणि त्याने तो रिंगमध्ये टाकला. ३७-३६. लाटव्हिया भडकला. तक्रार दोन बाजूंनी होती : हे लोक अमेरिकन आहेत, आणि हा माणूस फारच उंच आहे. पहिली तक्रार मला समजते. दुसरीचं हसू येतं, पण त्या काळी खेळाडूच्या उंचीवर मर्यादा घालावी, अशी चर्चा गांभीर्याने होत होती. लिथुएनियाने एकही सामना न हरता दुसऱ्यांदा अजिंक्यपद घेतलं. लाटव्हिया दुसरा, पोलंड तिसरा. बाल्टिक समुद्राकाठचे दोन चिमुकले देश युरोपच्या माथ्यावर बसले.

वर्षभरात शेजारच्या एस्टोनियासह दोघेही नकाशावरून गेले. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि तिन्ही देश सोव्हिएत संघात विलीन करून टाकले. लुबिन त्याआधी अमेरिकेला परतला होता. १९४७ साली प्रागमध्ये सोव्हिएत संघ पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला आणि उतरल्या उतरल्या जिंकला. त्या संघात बुटाउटास, लागुनाविचियुस हे लिथुएनियन आणि कुल्लाम, ल्योसोव हे एस्टोनियन खेळाडू होते. पुढे १९८५ पर्यंत सोव्हिएत संघाने चौदा अजिंक्यपदं मिळवली. आजवर कुणाचीही एवढी नाहीत. पण त्या चौदांतलं लिथुएनियाचं किती, एस्टोनियाचं किती, जॉर्जियाचं किती, याची वाटणी कुणी केलेली नाही.

आपल्या भागातल्या वाचकाला यात नवल वाटायला नको. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी नायगाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. शेत हललं नाही, विहीर हलली नाही, राज्य मात्र तिसरं. त्याच फेररचनेत देगलूर तालुक्यातला बिचकुंदा आणि जुक्कलचा भाग आंध्र प्रदेशात गेला, मुधोळ-भैंसाही गेलं. तिकडून आदिलाबाद जिल्ह्यातलं किनवट इकडे आलं. त्या साली बिचकुंद्याच्या तालमीतला एखादा पैलवान असेल, तर त्याला कोणत्या राज्याचा म्हणायचं? आपल्याकडे हे कागदावर झालं आणि सोयरिकी तशाच राहिल्या. युरोपात सगळीकडे तसं झालं नाही.

त्याकडे येण्याआधी १९४९ ची हकीकत सांगायलाच हवी. युरोपचं अजिंक्यपद त्या साली इजिप्तने जिंकलं. स्पर्धाही कैरोतच झाली. प्रागच्या स्पर्धेत पहिल्या दोन क्रमांकांवर असलेले सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया यजमानपद घ्यायला पुढे आले नाहीत, म्हणून ते तिसऱ्या क्रमांकाच्या इजिप्तकडे गेलं. कैरोपर्यंत जायला बरेच युरोपीय देश तयार झाले नाहीत. सात संघ जमले, त्यात सीरिया आणि लेबनॉनही होते. यादीत आजही १९४९ पुढे इजिप्त लिहिलेलं आहे आणि ते कुणी खोडलेलं नाही, हे मला आवडतं.

आता युगोस्लाव्हिया. १९८९ ला झाग्रेबमध्ये जो संघ जिंकला, तसा संघ युरोपने क्वचितच पाहिला असेल. द्राझेन पेट्रोविच, टोनी कुकोच, दिनो राजा हे क्रोएशियाचे, व्लादे दिवाच सर्बियाचा, यूरे झ्दोव्त्स स्लोव्हेनियाचा. पेट्रोविच आणि दिवाच तर जिवाभावाचे मित्र. पुढच्या वर्षी ब्यूनोस आयर्सला जागतिक अजिंक्यपद जिंकल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला. हा विजय युगोस्लाव्हियाचा आहे, म्हणून दिवाचने झेंडा त्याच्या हातातून काढून घेतला. क्रोएशियात तो रातोरात खलनायक झाला आणि पेट्रोविचने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघांचं पुन्हा जुळलं नाही. ७ जून १९९३ ला जर्मनीत मोटार अपघातात पेट्रोविच गेला, वय अठ्ठावीस.

१९९१ ची स्पर्धा रोममध्ये २४ जूनला सुरू झाली. २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. २७ ला स्लोव्हेनियात युगोस्लाव्ह फौज आणि स्थानिक सैनिक समोरासमोर आले. आणि इकडे रोममध्ये युगोस्लाव्हियाचा संघ, एकाच ड्रेसमध्ये, सामन्यामागून सामना जिंकत चाललेला. उपांत्य सामन्याआधी झ्दोव्त्सला स्लोव्हेनियाच्या सरकारचा निरोप आला की तू खेळू नकोस. त्याने बूट काढले. बाकीच्यांनी स्पर्धा पूर्ण केली आणि २९ जूनला यजमान इटलीला ८८-७३ हरवून सुवर्ण घेतलं. एकत्र युगोस्लाव्हियाचं ते शेवटचं.

झ्दोव्त्सने काय करायला हवं होतं, यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वादच पोकळ वाटतो. घरी रणगाडे फिरत असताना सोबत्यांना सोडावं की सरकारला नाही म्हणावं, हे चोवीस वर्षांच्या पोरावर ढकलणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोचा उरलेला युगोस्लाव्हिया खेळाबाहेर राहिला. तो १९९५ मध्ये अथेन्सला परतला आणि लिथुएनियाला ९६-९० हरवून पुन्हा विजेता झाला. अलेक्सांदर जोर्जेविचने एकट्याने ४१ गुण काढले. कांस्यपदक क्रोएशियाला होतं. पदकं गळ्यात पडली आणि युगोस्लाव्हियाला सुवर्ण मिळायच्या आधीच क्रोएशियाचे खेळाडू मंचावरून उतरून निघून गेले. त्यात कुकोच आणि राजाही होते. चार वर्षांपूर्वी याच दोघांनी युगोस्लाव्हियासाठी सुवर्ण घेतलं होतं.

लिथुएनियाचं पुढे काय झालं? आर्विदास सबोनिस हा सोव्हिएत संघाकडून १९८५ चा युरोपविजेता आणि १९८८ चा ऑलिंपिकविजेता. त्या ऑलिंपिक संघात लिथुएनियाचे चौघे होते. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच सबोनिसने कांस्यपदकाच्या सामन्यात जुन्या सोव्हिएत देशांच्या उरलेल्या संघाला ८२-७८ असं हरवलं. त्याचा मुलगा दोमांतास आता लिथुएनियाकडून खेळतो. जन्म कुठला, तर अमेरिकेतल्या पोर्टलंडचा.

म्हणजे गाडी फिरून लुबिनपाशीच आली. १९८७ मध्ये ग्रीसला पहिलं अजिंक्यपद मिळवून देणारा निकोस गालिस न्यू जर्सीत जन्मलेला ग्रीक. अंतिम सामन्यात त्याने ४० गुण केले आणि ग्रीसने जादा वेळेत सोव्हिएत संघाला १०३-१०१ असं हरवलं. त्याला कुणी परका म्हणत नाही. रक्त तिथलंच आहे, म्हणजेच आजोळ इथलंच आहे. पण २००७ मध्ये माद्रिदला शेवटच्या दोन-तीन सेकंदांत बास्केट करून रशियाला ६०-५९ असा विजय देणारा जे. आर. होल्डन हा पिट्सबर्गचा अमेरिकन होता. रशियाशी त्याचं नातं तिथल्या क्लबचं, आणि नागरिकत्व पुतिन यांच्या हुकुमाने मिळालेलं. हरलेला स्पेन तेव्हा चडफडला. पंधरा वर्षांनी, २०२२ च्या स्पर्धेआधी, स्पेनच्याच सरकारने लोरेन्झो ब्राउन या अमेरिकनाला नागरिकत्व दिलं. तोवर तो स्पेनमधल्या कुठल्या क्लबकडूनही खेळला नव्हता. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने आक्षेप घेतला. पुढे ब्राउन स्पेनकडून खेळला, स्पेन जिंकला आणि आक्षेप विरून गेला.

फिबाचा तोडगा असा : वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्याला नागरिकत्व मिळालं, असा एकच खेळाडू संघात चालेल. नायगावच्या आयोजकांनी हा नियम वाचला नसणार, पण दोघांची अक्कल एकाच जागी पोहोचली. नियम ढोबळ आहे. लुबिनला आणि ब्राउनला एकाच मापाने मोजायचं कसं, याचं उत्तर तो देत नाही. तरी मी त्याच्या बाजूने आहे. रक्त तपासत बसण्यापेक्षा आकडा ठरवून मोकळं होणं बरं.

हा नियम ज्यावर तपासून पाहावा असा संघ म्हणजे २०१७ चा स्लोव्हेनिया, लोकसंख्येने वीस लाखांचा देश. आठच्या आठ सामने जिंकून तो इस्तंबूलमध्ये अंतिम फेरीत आला आणि सर्बियाला ९३-८५ हरवून पहिल्यांदा विजेता झाला. गोरान द्रागिचने त्या सामन्यात ३५ गुण काढले, आणि त्याचे वडील सर्ब. अठरा वर्षांच्या लुका दोन्चिचच्या वडिलांचं मूळही सर्ब. प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव बेलग्रेडचा. आणि नियमातला ‘एक बाहेरचा’ म्हणजे अमेरिकन अँथनी रँडॉल्फ.

उलटं उदाहरण यानिस आंतेतोकूम्पोचं. नायजेरियातून आलेल्या आईबापांच्या पोटी अथेन्समध्ये जन्म, तिथेच वाढला, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याच्याकडे कोणत्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या एनबीएच्या खेळाडू-निवडीआधी, ग्रीसने घाईघाईने त्याला कागद दिले. २०२५ मध्ये रिगात ग्रीसने फिनलंडला ९२-८९ हरवून कांस्य घेतलं, ते राष्ट्रीय संघाकडून त्याचं पहिलं पदक.

पुढच्या लेखांकात आशियाचा नकाशा. १९६० साली मनिलात सुरू झालेल्या आपल्या खंडाच्या बास्केटबॉल स्पर्धेत २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड खेळू लागले, आणि २०१७, २०२२, २०२५ या तिन्ही वेळा ऑस्ट्रेलियानेच चषक नेला. इजिप्त कैरोत एकदाच जिंकला होता, इथे पाहुण्याने घरच ताब्यात घेतलंय. ते कसं झालं आणि भारत त्यात कुठे बसतो, ते पाहू.